बरोबरीची वही

आमच्या पडवीच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी तीन होत्या आणि पाटी एक. तसबिरींना रोज ताजं फूल मिळायचं, पाटीला कधी मिळालं नाही. पण धाक विचाराल तर पाटीचाच जास्त. तिच्यावर पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'एका कागदावर एक शब्द दोनदा येऊ देऊ नये.' ही पाटी भाऊंची. भाऊ म्हणजे माझे वडील. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, आणि घराच्या पडवीत भाऊंचा इंग्रजी टायपिंगचा क्लास. पाच मशिनं, पाच स्टुलं, कोपऱ्यात माठ आणि त्यावर साखळीनं बांधलेला पेला. पेल्याला साखळी का, तर एकदा तीसच्या स्पीडच्या परीक्षेला बसलेला एक मुलगा पेला घेऊन गेला तो गेलाच. भाऊ माणसांवर फार विश्वास टाकायचे, पण एकदा फसले की साखळीच घालायचे.

सकाळी सातला पहिली बॅच सुरू व्हायची आणि घरभर खडखडाट. त्यात मध्येच ओळ संपल्याची घंटी, मग कॅरेज मागे ओढल्याचा घर्र आवाज. आई मागच्या चुलीशी घावणे काढत असायची आणि तिथूनच तिला कळायचं की कोण आलंय. "आज तो गोळपचा पोरगा आलाय नि उपाशी आलाय," ती म्हणायची. "बोटांत जोर नाय त्याच्या." आणि खरंच, बॅच संपली की त्याला हाक मारून दोन घावणे आणि गूळ-खोबरं हातावर ठेवायची. भाऊ कुरकुरायचे, "हा क्लास आहे, खानावळ नव्हे." आई म्हणायची, "मग त्याला सांगा, पोटाला कुलूप लावून ये." मला आजही अगदी शांत खोलीत वाचता येत नाही. मुलगा म्हणतो, आई, तुझ्या वाचायच्या खोलीला साउंडप्रूफ काचा लावू. मी म्हटलं, बाबा रे, त्यापेक्षा बाहेर एखादं चिरे तोडायचं मशीन लाव.

पाटीची गोष्ट अशी. भाऊ लग्नाआधी जयगडच्या बंदरावर एका कचेरीत कारकून होते. तिथल्या वरिष्ठानं एकदा भाऊंच्या इंग्रजी पत्रात एकच शब्द तीनदा आला म्हणून त्याला लाल पेन्सिलीनं गोल केले आणि ते पत्र सगळ्या कचेरीसमोर उभं राहून मोठ्यानं वाचायला लावलं. प्रत्येक गोलाशी थांबून. भाऊ हे सांगायचे तेव्हा हसत सांगायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे. त्या दिवसापासून त्यांनी एक जाड वही घातली. तिच्यात एकाच अर्थाचे इंग्रजी शब्द ओळीनं, मध्ये बरोबरचं चिन्ह घालून. बिग बरोबर लार्ज बरोबर ग्रेट बरोबर ह्यूज. क्लासमधली पोरं तिला 'बरोबरीची वही' म्हणायची. नियम सोपा होता. मजकुरात एखादा शब्द दुसऱ्यांदा आला की वही उघडायची, पुढचा घ्यायचा. तिसऱ्यांदा आला की त्याच्या पुढचा.

आता वाटतं तेवढं हे वेडगळ तेव्हा कुणाला वाटलं नाही. उलट भाऊंच्या अर्जांना मान होता. लांबलांबून माणसं अर्ज टाइप करून घ्यायला यायची, आणि आपल्या साध्या मागणीला भाऊंनी किती दागिने घातलेत हे बघून खूश होऊन जायची. एका बागायतदाराला विजेचा मीटर हवा होता. पहिल्या परिच्छेदात त्यानं रिक्वेस्ट केली, दुसऱ्यात बेग, आणि तिसऱ्यात इम्प्लोअर. म्हणजे वर ताठ उभा असलेला माणूस कागदाच्या तळाशी पोचेपर्यंत साहेबाच्या पायांवर पडलेला! पण मीटर मिळाला. मग काय, भाऊंचा वहीवरचा विश्वास आणखी एक वीत वाढला.

मी त्या वेळी शाळेच्या शेवटच्या वर्गाला होते आणि मला त्या वहीचं वेड लागलं होतं. वेडच म्हणते, दुसरा शब्द नाही. शाळेत बीजगणितात शिकवलेलं, अ बरोबर ब आणि ब बरोबर क, तर अ बरोबर क. मी ते वहीला लावायची. एका ओळीतला शेवटचा शब्द धरायचा, तो दुसऱ्या कुठल्या ओळीत सापडतो बघायचं, तिथून पुढे जायचं. असं करत करत मी एकदा 'ओल्ड'पासून निघून 'वाइज'पर्यंत पोचले होते आणि दुसऱ्या वाटेनं 'रॉटन'पर्यंत. मला याचा आनंद झाला. शंका आली नाही. आज त्या मुलीचे कान धरावेसे वाटतात.

शंका घरात एकाच माणसाला होती, आणि तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. आई सुपात जवळा निवडत बसली होती आणि मी शेजारी पाठांतर करत होते. तिनं विचारलं, याला इंग्रजीत काय म्हणतात? मी सांगितलं. मग करंदीला? तेच. कोळंबीला? तेच, जरा मोठी म्हणायचं. आणि सोड्यांना? तेच, सुकवलेली म्हणायचं. आईनं सूप खाली ठेवलं. "जल्लं ते इंग्रजी," ती म्हणाली. "मग बाजारात मागतात कशी माणसं? जवळ्याला गेलेली कोळंबी घेऊन येत असतील." मी तिला समजवायला गेले की उलट इंग्रजीत शब्दांची केवढी श्रीमंती आहे, 'बारीक'साठीच बघ, थिन बरोबर स्लिम बरोबर स्किनी. ती म्हणाली, "बरोबर कसं गो? हे तिन्ही कोण बोलतं, नि कुणाला?"

हा तिचा नेहमीचा प्रश्न. कोण बोलतं आणि कुणाला. मी पडवीत जाऊन भाऊंचा जाडा इंग्रजी कोश आणला, त्यातली वाक्यं तिला मराठीत करून सांगितली. तिनं ऐकली, जवळ्यातला एक खडा काढून टाकला आणि म्हणाली, "म्हणजे बघ. मुलगी बघायला आलेली माणसं घरात बोलतात ते स्लिम. नि परत जाताना गाडीत बोलतात ते स्किनी." मी हसून हसून लोळले. पण मनात कुठेतरी हे टोचून राहिलं, की कोश मी वाचला आणि फरक तिला कळला. त्यानंतर कितीतरी दुपारी आमचा हा खेळ चालायचा. मी दोन शब्द आणायची, ती विचारायची कोण कुणाला, मी कोशात शोधायची. वास या एका शब्दावर आम्ही आठवडा काढला. आईकडे घमघमाट होता, दर्प होता, कुबट, खवट, करपट, वशट होतं, आणि प्रत्येकासाठी घरात कुठे जाऊन नाक लावायचं हे तिला ठाऊक होतं. खेळ तो खेळ, वही ती वही. दोन्ही माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत सुखानं राहत होते. त्यांची गाठ पडली ती शालनमावशीमुळे.

शालनमावशी आईची धाकटी बहीण. त्यांचं माहेर गुहागरकडचं. तिचा नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, तिकडे त्यानं दुसरं घर केलं. मावशी वर्षभर सासरी थांबली आणि एक दिवस पिशवी घेऊन आमच्याकडे आली. आळीतल्या बायका तिला 'टाकलेली' म्हणायच्या. आईच्या कानावर आलं की ती तिथल्या तिथे थांबून सांगायची, "टाकलेली नाय. निघून आलेली हाय ती." बोलणाऱ्यांना यात काय फरक ते कळायचं नाही. आईला पुरतं कळायचं, मावशीला तर त्याहून. सहा वर्षं ती आमच्याकडे होती. क्लास सुटला की मशिनांच्या मागे अंथरूण घालायची आणि पहिल्या बॅचच्या आत उचलायची. गावातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात ती आयाचं काम करायची. पगार घरात द्यायची तरी ताटात दुसऱ्यांदा भात वाढून घेताना आईकडे एकदा बघायची. आईला त्याचा राग यायचा. "तुझ्या बहिणीचं घर हाय हे, लॉज नाय," ती खेकसायची, आणि मावशी म्हणायची, "म्हणून तर."

घाटावर एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण मिळायचं. राहायची सोय, शिकताना थोडे पैसे हातात, आणि पुढे कुठेही नोकरी. डॉक्टरीणबाईंनीच मावशीला अर्ज करायला लावला. ती सातवी झालेली होती, तेवढं चालणार होतं, पण वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी ती त्यात बसणार नव्हती. म्हणजे हीच एक वेळ. इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या आठवड्यात मात्र ती रोज संध्याकाळी भाऊंना विचारायची, "भावोजी, कागद झाला?"

कागद म्हणजे डॉक्टरीणबाईंचं शिफारसपत्र. बाईंनी भाऊंना उभ्या उभ्या सांगितलं आणि भाऊंनी पेन्सिलीनं उतरवून घेतलं. बाईंचं इंग्रजी चांगलं, पण घाई फार. त्या म्हणाल्या होत्या, ही बाळंतिणींच्या बाबतीत केअरफुल आहे, बाळांच्या बाबतीत केअरफुल आहे, अवजारांच्या बाबतीत केअरफुल आहे. भाऊंनी ते तसंच टिपलं, आणि नेमकं त्याच दिवशी गावाकडे त्यांचे चुलते गेल्याचा निरोप आला. पत्र दुसऱ्या दिवशी रजिस्टर व्हायलाच हवं होतं. भाऊ निघताना कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "बायो, स्वच्छ टाइप कर. बाईंची सही आण. पोस्टात घाल." बस, एवढंच. माझ्यावर पहिल्यांदा खरं काम पडलं होतं. छाती अशी फुगली म्हणता!

मी कागद मशीनला लावला, पेन्सिलीचा मजकूर समोर ठेवला आणि माझी नजर पाटीकडे गेली. तीनदा केअरफुल! भाऊ गडबडीत होते म्हणून राहिलं, मी म्हटलं. त्यांची लाज आपण राखायची. वही काढली. ओळ सापडली. केअरफुल बरोबर कॉशस बरोबर वेअरी. शेवटचा शब्द माझ्या ओळखीचाही नव्हता, म्हणून जास्तच आवडला. मग मी टाइप केलं, शालन बाळंतिणींच्या बाबतीत केअरफुल, बाळांच्या बाबतीत कॉशस आणि अवजारांच्या बाबतीत वेअरी आहे. एकही चूक नाही, एकही अक्षर खाडाखोड नाही. दवाखान्यात गेले तर बाई ओल्या हातांनी बाहेर आल्या, आत कुणीतरी कळा देत होतं. "भाऊंनी बघितलंय ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. खोटं बोलले म्हणा की पेन्सिलीचा कागद भाऊंनी बघितला होता म्हणून खरं बोलले म्हणा. मला त्या वेळी दोन्हींतला फरक करावासा वाटला नाही. बाईंनी सही केली. आईचा प्रश्न, कोण बोलतं आणि कुणाला, माझ्या डोक्यात आलासुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी मावशीला मुलाखतीला बोलावणं आलं. आईनं तिला आपली लग्नातली निळी साडी दिली, बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सोड्यांची चटणी. दोन दिवसांनी मावशी परत आली. हातपाय धुतले, चहा घेतला, मग आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "नाय जमलं बहुतेक. त्या मेट्रनबाई कागद बघून बघून विचारत होत्या. मुलांना उचलायला बिचकतेस का? कात्री-चिमट्यांची भीती वाटते का? आधी कधी हातून काय झालं होतं का? मी म्हटलं नाय. तर म्हणतात, मग तुझ्या डॉक्टरनंच असं कसं लिहिलंय?" ती माझ्याकडे बघत नव्हती, बशीकडे बघत होती. "बाईंना असं वाटत असेल माझ्याबद्दल, तर तोंडावर कधी बोलल्या का नाय?"

मी उठून पडवीत गेले, कोश काढला. कॉशसपाशी लिहिलं होतं, धोका दिसतो म्हणून पाऊल बेतानं टाकणारा. वेअरीपाशी उदाहरण होतं, मार खाल्लेलं कुत्रं परक्या हाताला वेअरी असतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं. बाळांना घ्यायला कचरणारी आणि अवजारांपासून अंग चोरणारी बाई. हे मी लिहिलं होतं, माझ्या दहा बोटांनी, एकही चूक न करता.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसल्यावर मी सांगून टाकलं. मला धीर होता म्हणून नाही, घास उतरेना म्हणून. भाऊंनी हात धुतला, पडवीत जाऊन कार्बनची प्रत काढून आणली, दिव्याखाली धरून वाचली. मला वाटलं आता मार. तर ते म्हणाले, "शब्द चुकलेला नाही. वहीत आहे." आणि त्यांचे कान लाल झाले.

"वहीत असेल," आई म्हणाली. "माझ्या बहिणीत नाय."

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "सहा वर्सं मी या घरात हाय, बायो. तुला ताप आला तेव्हा उशाशी मीच होत्ये. तू माझ्याबद्दल लिहिलंस नि एकदापण माझ्याकडे बघितलं नाय. वहीत बघितलंस." मग ती ताटं उचलायला लागली. मला त्या क्षणी जी लाज वाटली तशी पुन्हा कधी वाटली नाही, आणि आयुष्यात नंतर लाज वाटण्यासारखं मी काहीच केलं नाही असंही नाही.

सकाळी भाऊंनी क्लासला सुट्टी दिली, जी ते गणपतीतही कुरकुरत द्यायचे, आणि मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी प्रत वाचली. आधी भडकल्या माझ्यावर, मग स्वतःवर, न वाचता सही केली म्हणून. "मी दुसरं लिहून देतो, पाठवू," भाऊ म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुम्ही लिहू नका आणि मीही नाही. हिनं बिघडवलंय, ही लिहील." मला म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाला ये. बाहेरच्या खोलीत बस. तुझी मावशी काय करते ते बघ. दिसेल ते आधी मराठीत लिही. आणि ती वही घरी ठेव."

मी गेले. भिंतीला टेकलेल्या बाकावर मांडीवर कागद घेऊन बसले. फिनेलचा वास, उकळत्या पाण्याची वाफ, आतून कण्हणं. मावशी माझ्याशी बोलली नाही, पण माझ्यापासून लपलीही नाही. मला वाटायचं मला मावशी ठाऊक आहे. घरी ती अंगणाच्या कडेनं चालायची, दारातून जाताना अंग आक्रसून जायची. इथे ती खोलीच्या मधून चालत होती. एका पहिलटकरणीशी बोलायला गेली तर पायांकडे उभी राहिली नाही, उशाशी गेली, खाली वाकली आणि तिच्या कानाजवळ बोलली. कात्र्या पाण्यात टाकताना मोजल्या, काढताना पुन्हा मोजल्या, आणि एक कमी भरली तेव्हा अख्खं भांडं पालथं करून शोधली. ती तळाला चिकटली होती. बाळ उचलायच्या आधी तिचा डावा हात मानेखाली जायचा, मग क्षणभर थांबायचा, आणि मगच बाळ वर यायचं. हे सगळं मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. मला इतकं नवल वाटत होतं की आपण इथे शिक्षा म्हणून बसलोय हे विसरून गेले.

नऊच्या सुमाराला आत गडबड झाली, आणि मावशी कापडात गुंडाळलेलं एक बाळ घेऊन बाहेरच्या टेबलाशी आली. बाळ रडत नव्हतं. रंगही बरा नव्हता. बाई आत बाळंतिणीकडे अडकल्या होत्या, त्यांनी तिथूनच काहीतरी ओरडून सांगितलं. मावशीनं बाळाचं तोंड पुसलं, त्याला पालथं घेतलं, पाठ चोळायला लागली. तळवे चोळले. पुन्हा पाठ. तिच्या ओठांवरचा रंग गेला होता पण हात एका लयीत चालले होते. मी उभी राहिले होते, कागद खाली पडला होता. मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला, आणि लगेच दुसरा, मोठा. मावशीनं बाळ आत नेलं, बाहेर आली, आणि भिंतीशी टेकून दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिली.

संध्याकाळी मी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तिनंच अट घातली होती, की या वेळी आपल्याला कळल्याशिवाय कागद जायचा नाही. उशाशी जाणं, कात्र्या मोजणं, मानेखालचा हात, न रडणारं बाळ, सगळं होतं. ती ऐकत होती, भाजी चिरायची थांबली नव्हती. शेवटी म्हणाली, "एक ऱ्हायलं. मी घाबरते ते नाय लिहिलंस."

"मावशी!" मी जवळजवळ किंचाळले. "त्याच शब्दानं तर घात केला."

"तो शब्द तुझा होता. हा माझा हाय. बाळ रडत नाय तवर मी घाबरते, दर वेळी. तू बघितलंस ना? मग लिही. त्या बाई काय येड्या नायत. कधीच घाबरत नाय असा कागद नेला तर खोटाच वाटेल त्यांना."

मग मी त्या घाबरण्याला इंग्रजी शब्द शोधायला बसले. वही नव्हे, कोश घेऊन. फिअर, फ्राइट, ड्रेड, टेरर, अँक्शस. एकेक शब्द आईला मराठीत समजावून सांगितला आणि ती विचारायची, हे कोण बोलतं, कुणाला. ड्रेड म्हणजे अजून आलेलं नाही त्याची आधीपासून धास्ती. फ्राइट म्हणजे दचकून, एकदाच. अँक्शस ऐकून आई म्हणाली, "हे मी, तू शाळेतून उशिरा आलीस की." तास गेला. इतका चांगला तास मी आयुष्यात फार थोड्या वेळा घालवलाय. बाजूला दुःखाचं कारण उभं आणि मला मजा वाटतेय, असं विचित्र. शेवटी पहिलीतल्या पोरालाही येतो तो साधा अफ्रेड उरला. 'मूल रडेपर्यंत ती घाबरलेली असते, आणि तेवढा वेळ तिचे हात थांबत नाहीत.' बाईंनी ते इंग्रजी तपासलं, एक चूक काढली, हा शब्द ठेवला. टाइप करायला भाऊ स्वतः बसले. मध्येच बोटं थांबली. "यात हात सात वेळा आलाय," ते पुटपुटले. आई दारात उभी होती. "सात वेळा वापरते ती," ती म्हणाली. भाऊंनी चष्मा पुसला आणि पुढचं टाइप केलं, सातही वेळा. त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानलं.

माझी नात आता परदेशातल्या कॉलेजांना अर्ज लिहिते. फोनवर एका शब्दावर बोट दाबलं की तिला दहा शब्दांची यादी येते, भाऊंची वही परवडली इतकी लांब. परवा तिनं विचारलं, आजी, यातला कुठला घेऊ? मी विचारलं, ज्याच्याबद्दल लिहितेस त्याला शेवटचं कधी बघितलंस? ती म्हणाली, आजी, मी माझ्याबद्दलच लिहितेय. हा प्रश्न आईला विचारायला हवा होता.

तर, मावशीच्या नव्या कागदाबरोबर बाईंनी स्वतःची चिठ्ठी जोडली होती, की आधीच्या पत्रावर आपण न वाचता सही केली, जबाबदारी आपली. उत्तर यायला सतरा दिवस लागले. मावशीनं त्या दिवसांत कागदाचं नाव काढलं नाही. माझ्याशी बोलायला लागली होती, पण जेवढ्यास तेवढं. मी तिचं अंथरूण घालून ठेवायची, ती ते मोडून स्वतः पुन्हा घालायची. अखेर पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला ती आपल्याच रोजच्या साडीत गेली.

ती परत आली ती भर सकाळी, क्लास चालू असताना. पायरीवरच बसली. आई धावत बाहेर आली, भाऊ उठले, मी मशिनावरून हात काढले. "काय विचारलं?" आईनं विचारलं.

"काय नाय. कागद बाजूला ठेवला नि म्हणाल्या, अजून घाबरतेस? मी म्हटलं, हो. आतापण घाबरल्ये."

"मग?"

"हसल्या. म्हणाल्या, सोमवारी ट्रंक घेऊन ये."

आणि सासरहून पिशवी घेऊन आली तेव्हा जी रडली नव्हती ती मावशी तिथे पायरीवर, सगळ्या बॅचसमोर, पदर तोंडात धरून रडायला लागली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं मला ढकललं नाही. माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि घट्ट धरून ठेवला, इतका की दुखला. आईचेही डोळे भरलेले होते, पण तिला आधी कळून घ्यायचं होतं.

"रड नंतर गो. सोमवार म्हणजे कनचा? येता, की त्याच्या पुढचा?"

"येता," मावशी म्हणाली.

त्या दिवशी गुरुवार होता.